जोखीम आणि योगक्षेम : रत्नागिरीच्या सरकारी शाळेतील दोन शिक्षक

'जोखीम' हा शब्द आपण आज केवळ धोक्याच्या अर्थाने योजतो. परंतु त्याची व्युत्पत्ती कोशकारांनी संस्कृत 'योगक्षेम' ह्या शब्दापर्यंत नेली आहे, आणि प्रस्तुत लेखकास ती ग्राह्य वाटते. आरंभीच्या 'य'चा 'ज' होणे, 'क्ष'चा 'ख' होणे, मधला 'ग' लोपणे ह्या तिन्ही गोष्टी प्राकृतातून मराठीत आलेल्या शेकडो शब्दांत दिसतात. अडचण आहे ती अर्थाची. योग म्हणजे जे मिळालेले नाही ते मिळविणे, आणि क्षेम म्हणजे मिळालेल्याचे रक्षण करणे. इतक्या निर्धास्त अर्थाचा शब्द धोक्याचा वाचक कसा झाला?

उत्तर व्यापाराच्या भाषेत सापडते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात व्यापाऱ्यांवर कर बसविताना राजाने ज्या गोष्टी लक्षात घ्याव्यात असे सांगितले आहे, त्यांत 'योगक्षेम' आहे. तेथे त्याचा अर्थ माल सुखरूप राखण्यासाठी येणारा खर्च असा होतो. पुढे देशी पेढ्यांच्या व्यवहारात 'जोखमी हुंडी' हा प्रकार रूढ झाला. माल सुखरूप पोहोचला तरच ही हुंडी वटत असे. गलबत बुडाले तर पैसे देणाऱ्याने हात वर करावेत असा करार होता. म्हणजे हुंडी आणि विमा ह्या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्या. ज्याच्या रक्षणाचा भार आपण अंगावर घेतो ती वस्तू, तो भार आणि तो भार चुकल्यास होणारे नुकसान हे तिन्ही अर्थ एका शब्दात नांदू लागले, आणि काळाच्या ओघात शेवटचा तेवढा उरला. तरी 'जोखमीचे काम' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात धोक्याइतकीच जबाबदारीचीही छटा असते. भारतीय आयुर्विमा महामंडळाने १९५६ नंतर आपल्या बोधचिन्हाखाली 'योगक्षेम' हा शब्द असलेले गीतेतील वचन घेतले. मूळ शब्द आणि त्याचा अपभ्रंश असे दोघेही मग विम्याच्याच दारात येऊन उभे राहिले. ही गंमत योजणाऱ्यांच्या ध्यानात होती की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

दुसरा शब्द 'साहस'. आज तो गौरवाचा आहे. धर्मशास्त्रात मात्र साहस हे एक व्यवहारपद, म्हणजे न्यायालयात उभा राहण्याजोगा गुन्ह्याचा प्रकार आहे : बळाच्या जोरावर, उघडपणे केलेले दुष्कृत्य. आणि तिसरा शब्द 'राजीनामा'. फारसीत त्याचा अर्थ संमतिपत्र. मुंबई इलाख्याच्या महसूल पद्धतीत रयतेने आपल्या नावची जमीन सोडताना जो कागद लिहून द्यावयाचा तो राजीनामा. नव्या धारण करणाऱ्याने लिहून द्यावयाचा तो कबुलायत. नोकरी सोडण्याला मराठी माणसाने जो शब्द योजला तो असा जमीन सोडण्याच्या शब्दाशी नाते सांगणारा आहे. कोकणात, जेथे वरकस जमिनीचा चार गुंठ्यांचा तुकडादेखील पिढ्यान्‌पिढ्या सोडवत नाही, तेथे ह्या शब्दाचे वजन निराळे सांगावयास नको.

हा शब्दविचार आरंभी करण्याचे कारण असे की, माणसाच्या व्यवसायजीवनाविषयी लिहिताना आपण एक ढोबळ विभागणी गृहीत धरतो. काही माणसे धाडसी, काही सावध; धाडसी ती बदल घडविणारी, सावध ती जुन्याला धरून राहणारी. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवीत असलेले तरुण कायम जागेची वाट पाहावी की अन्य मार्ग धरावा, हे विचारावयास येतात तेव्हाही त्यांच्या मनात हीच विभागणी असते, आणि चरित्रग्रंथांतील दाखले तिच्या समर्थनार्थ तोंडपाठ असतात. हे दाखले कितपत खरे आहेत हे रत्नागिरी जिल्ह्याच्या इतिहासावरून पडताळून पाहण्याचा येथे विचार आहे.

ह्या कामी रत्नागिरीची सरकारी हायस्कूल सोयीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी मुंबई इलाख्यातील शिक्षणखात्यात तिचे स्थान चमत्कारिक होते. शाळा चांगली, विद्यार्थी हुशार. पण देशावरच्या शिक्षकाला तेथली बदली म्हणजे एक प्रकारे समुद्रकाठची हद्दपारी वाटे. रेल्वे नव्हती. मुंबईस जावयाचे तर बोटीने, पावसाळ्यात बोटी बंद. देशावर जावयाचे तर घाट चढून. (कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ साली.) ह्या शाळेत पंचवीस-तीस वर्षांच्या अंतराने दोन शिक्षक येऊन गेले. दोघांनीही पुढे सरकारी नोकरीचा राजीनामा दिला, आणि दोघांचीही नावे मराठी विद्येच्या इतिहासात कायम झाली.

पहिले विष्णुशास्त्री चिपळूणकर. जन्म १८५०. वडील कृष्णशास्त्री हे स्वतः शिक्षणखात्यातले मोठे अधिकारी आणि नामांकित ग्रंथकार. विष्णुशास्त्री बी.ए. होऊन पुण्याच्या सरकारी शाळेत शिक्षक झाले आणि १८७४ साली त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले. १८७८ साली त्यांची रत्नागिरीस बदली झाली. मालेतील तिखट लेखनाचे हे फळ होय, अशी समजूत तेव्हापासून आहे. रत्नागिरीहूनच त्यांनी १८७९ मध्ये नोकरी सोडण्याचा निश्चय पक्का केला. सरकारी नोकरी ही रुपेरी बेडी, ही त्यांच्या नावाशी जोडली गेलेली प्रतिमा मराठीत वाक्प्रचारासारखी रुळली आहे. पुण्यास परतून त्यांनी १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल काढले. टिळक त्यांस आरंभापासून येऊन मिळाले, आगरकर एम.ए. झाल्यावर आले. जानेवारी १८८१ मध्ये 'मराठा' आणि 'केसरी' निघाले. १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री वारले. राजीनाम्यापासून मृत्यूपर्यंत तीन वर्षेदेखील भरत नाहीत.

ही कथा सांगताना चरित्रकार एक उडी रंगवितात : एका बाजूस पगार, दुसऱ्या बाजूस अंधार, आणि मध्ये एक निर्भय तरुण. सनावळी पाहिली तर चित्र थोडे बदलते. राजीनाम्यापूर्वीच 'निबंधमाला' पाच वर्षे चालली होती आणि तिला वर्गणीदारांचा आधार होता. साने आणि मोडक ह्यांच्यासह 'काव्येतिहाससंग्रह' १८७८ मध्येच सुरू झाला होता. चित्रशाळेचा उद्योगही त्याच वर्षीचा. म्हणजे पगाराची बेडी तोडण्याआधी पलीकडच्या तीरावर दोन-तीन खुंटे रोवून झाले होते. ह्यात विष्णुशास्त्र्यांचे थोरपण तसूभरही कमी होत नाही. उलट, जोखमी हुंडी लिहिणाऱ्या सावकारासारखा त्यांनी माल आणि वाट दोन्हींचा अंदाज घेतला होता, एवढेच दिसते. आणि त्यांच्याजवळ आणखी एक भांडवल होते, ज्याची नोंद हिशेबात होत नाही : कृष्णशास्त्र्यांचा मुलगा हे नाव.

परंतु ह्याहून महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. उपजीविकेच्या बाबतीत आपल्या पिढीत सर्वांत धीट ठरलेला हा पुरुष समाजस्थितीच्या बाबतीत बदलाचा कडवा विरोधक होता. लोकहितवादी, जोतीराव फुले, दयानंद सरस्वती ह्यांच्यावर त्यांनी केलेली टीका मालेच्या वाचकांस परिचित आहे. त्या टीकेत कित्येक ठिकाणी विद्वत्तेचा तोरा युक्तिवादापेक्षा पुढे जातो, विशेषतः फुल्यांविषयी लिहिताना. हे आज स्पष्टपणे म्हणावयास हवे. सरकारी पगार लाथाडणारा माणूस जुन्या चालींच्या बाजूने लढत होता, आणि ह्यात त्यास किंवा त्याच्या वाचकांस काही विसंगत वाटत नव्हते.

ह्याच्या नेमके उलट उदाहरण ह्याच जिल्ह्यात आहे. धोंडो केशव कर्वे हे दापोली तालुक्यातील मुरुडचे, जन्म १८५८. सतराव्या वर्षी इयत्ता सहावीच्या परीक्षेसाठी ते भर पावसाळ्यात सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले, आणि वय कमी दिसते म्हणून परीक्षकांनी त्यांस बसू दिले नाही, ही हकीकत त्यांनी स्वतःच नोंदविली आहे. पुढे मुंबईस ते एकाच वेळी निरनिराळ्या शाळांत तास घेऊन संसार चालवीत. १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात टिळकांनी सोडलेल्या गणिताच्या जागी त्यांस बोलावण्यात आले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य व्हावयाचे म्हणजे वीस वर्षे सेवा आणि महिना सुमारे पंच्याहत्तर रुपये वेतन हे मान्य करणे. त्यागाच्या दृष्टीने हे थोर. पण उपजीविकेच्या दृष्टीने पाहिले तर वीस वर्षांची निश्चिती. कर्व्यांनी ती पत्करली, पूर्ण केली आणि १९१४ साली ते निवृत्त झाले.

ह्या निश्चितीच्या आधारावर त्यांनी जे केले ते मात्र सावधपणाच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी देवरुखच्या जोशी घराण्यातील बालविधवा गोदूबाई ह्यांच्याशी विवाह केला. मुरुडच्या ग्रामस्थांनी सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. कर्वे घरी राहावयास आले तर घरचेही वाळीत, अशी ती अट होती. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला, १९०० मध्ये तो हिंगण्यास गेला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन झाले. आश्रमास त्यांनी आपली शिल्लक दिली आणि आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाकडे वळविली. ह्यामुळे घरात काय वाटले असेल हे आनंदीबाईंचे 'माझे पुराण' वाचणाऱ्यास सांगावे लागत नाही. येथे जोखीम कोणाची, हा प्रश्न टाळता येत नाही. चरित्रनायक आपल्या मनाने जोखीम घेतो. तिचे हप्ते पुष्कळदा त्याची पत्नी, आई, भाऊ भरीत असतात. मुरुडात राहणाऱ्या घरच्यांनी तर काहीच निवडले नव्हते.

तात्पर्य, उपजीविकेची जोखीम आणि समाजमान्यतेची जोखीम ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि एकीत धीट असलेला माणूस दुसरीतही धीट असतोच असे नाही. किंबहुना कर्व्यांच्या बाबतीत एकीकडच्या स्थैर्याने दुसरीकडचे धाडस शक्य केले असे म्हणावयास जागा आहे. दरमहा पगार येत नसता तर बहिष्कृत संसार आणि आश्रम हे दोन्ही चालले असते काय?

आता दुसरे शिक्षक. पांडुरंग वामन काणे ह्यांचा जन्म ७ मे १८८० रोजी चिपळूणजवळ परशुराम-पेढे येथे, आजोळी झाला. न्यू इंग्लिश स्कूल निघून तेव्हा चार महिने झाले होते. वडील दापोलीस वकिली करीत. दापोलीच्या मिशन हायस्कुलात शिक्षण, मग मुंबईचे विल्सन कॉलेज. १९०३ मध्ये एम.ए. १९०४ साली ते रत्नागिरीच्या सरकारी शाळेत शिक्षक झाले आणि १९०७ पर्यंत तेथे होते. ह्या अवधीत त्यांनी खात्याच्या परीक्षा दिल्या आणि विश्वनाथ नारायण मंडलिक सुवर्णपदकासाठी निबंध लिहून ते पदक मिळविले. त्यांतला एक निबंध अलंकारशास्त्राच्या इतिहासावर होता. पुढे ज्या विषयात त्यांचा ग्रंथ प्रमाण मानला गेला त्याचे बीज रत्नागिरीत पडले.

काण्यांनी रत्नागिरी सोडली ती राजीनाम्याने नव्हे, बदलीने. मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कूल, मग काही महिने एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी अध्यापकपद. वरची जागा भरावयाची वेळ आली तेव्हा त्यांस डावलण्यात आले. १९११ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि मुंबई हायकोर्टात वकिलीची सनद घेतली. त्या वेळी वय एकतीस. विष्णुशास्त्री वारले त्याच वयाचे. परंतु हा राजीनामा देताना कायद्याची पदवी हाती होती, आणि लगेच दुसऱ्या वर्षी एल्‌एल.एम. ही परीक्षाही ते उत्तीर्ण झाले. पुढे १९१७ ते १९२३ ह्या काळात सरकारी लॉ कॉलेजात अध्यापन केले. ज्या सरकारची नोकरी सोडली होती त्याच्याच कॉलेजात, पण वकिली न सोडता. बेडी तोडणे आणि पुन्हा घालणे अशी ही भाषा काण्यांना लावताच येत नाही. जोड्याप्रमाणे नोकरी पायात घालावी, बोचू लागली की काढावी, इतका तो सरळ व्यवहार होता.

ज्या कामासाठी काण्यांचे नाव जगाला माहीत झाले ते कोणत्याही नोकरीच्या आधाराने झालेले नाही. नीलकंठाच्या 'व्यवहारमयूखा'चे संपादन करताना त्यास प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा थोडा इतिहास जोडावा असे त्यांनी ठरविले. (ह्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८८० साली मंडलिकांनी केले होते, आणि मंडलिकही मुरुडचेच.) प्रस्तावना पुस्तकात मावेना. तिचा पहिला खंड १९३० मध्ये निघाला, शेवटचा भाग १९६२ मध्ये. एकूण पृष्ठे साडेसहा हजारांच्या घरात, आणि लेखकाचे वय शेवटी ब्याऐंशी. दिवसा कोर्ट, उरल्या वेळात ग्रंथ, आणि जोडीला पोटाचा जुना विकार. १९५९ मध्ये ते राष्ट्रीय प्राध्यापक झाले, १९६३ मध्ये त्यांस भारतरत्न मिळाले. पण तोवर ग्रंथ पुरा झाला होता.

बदलाविषयीची काण्यांची वृत्तीदेखील अशीच निराळी आहे. त्यांनी कोणत्याही चालीवर चढाई केली नाही. तिसऱ्या खंडात कलिवर्ज्यांचे, म्हणजे पूर्वी विहित असून कलियुगात निषिद्ध ठरविलेल्या आचारांचे प्रकरण आहे. त्यांची तपशीलवार छाननी करून काणे एवढेच दाखवून देतात की, आमचा धर्म सनातन आणि अचल आहे असे म्हणणाऱ्यांच्याच ग्रंथांनी आचार बदलल्याची यादी जपून ठेवली आहे. सभेत ठराव करून जे साधत नाही ते ह्या शांत पानांनी साधले असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि ते आग्रहाचे नसले तरी बदललेले नाही.

येथवरची तिन्ही माणसे एकाच जातीची, शिकलेल्या किंवा निदान शिक्षणास किंमत देणाऱ्या घरांतली. त्यांस निवड करता आली हेच त्यांचे पहिले भांडवल. त्याच दापोलीत लष्करी पेन्शनरांची वस्ती होती, आणि तीत महार सैनिकांची संख्या मोठी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्यांची एक स्थिर वाट सरकारी हुकुमाने संपली. तिच्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर ह्यांनी दापोलीहून अर्ज केला. ह्या लोकांना बदल आवडत होता की नाही असे विचारणे निरर्थक आहे. बदल त्यांच्यावर येऊन आदळला होता.

निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ काही काळ ह्याच दापोलीच्या कॅम्पात राहत होते. त्यांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका, जिल्हा रत्नागिरी. त्यांचे पुत्र डॉ. भीमराव आंबेडकर १९१७ साली बडोदे संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांस ती सोडावी लागली, कारण त्या शहरात त्यांस राहावयास जागा मिळेना. ही नोंद धाडसाच्या खात्यावर टाकता येत नाही, सावधपणाच्याही नाही. ह्याच माणसाने नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा पत्करली, पगारातून कसोशीने पैसा शिल्लक टाकला आणि १९२० मध्ये राजीनामा देऊन लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी प्रयाण केले. शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राचे कर्ज त्यास जोडीला होते. १९१७ चे नोकरी सोडणे आणि १९२० चे सोडणे ह्यांस आपण एकच शब्द लावतो. पहिल्यात घर नाकारले गेले होते, दुसऱ्यात हिशेब होता. रयतेच्या राजीनाम्यातही हा भेद असे : कागदावर संमती एकसारखी लिहिलेली, पण एकाने जमीन दुसरा उद्योग मिळाला म्हणून सोडलेली आणि दुसऱ्याने सारा भरता येईना म्हणून.

चरित्रवाङ्‌मयाचा पुरावा म्हणून उपयोग करणाऱ्याने आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ज्यांचे राजीनामे फळास आले त्यांचीच चरित्रे लिहिली गेली. न्यू इंग्लिश स्कूल चालले म्हणून रत्नागिरीचा राजीनामा इतिहासात आला. शाळा दोन वर्षांत बंद पडती तर तोच राजीनामा मालेच्या संपादकाचा हट्ट म्हणून एका वाक्यात संपला असता. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांवर बदनामीचा खटला चालू होता, विष्णुशास्त्री त्याच सुमारास वारले. संस्था तेव्हा कोणत्याही बाजूस कलंडू शकत होती. उलट, रत्नागिरीच्या शाळेत तीस-तीस वर्षे राहून ज्या शिक्षकांनी व्याकरण आणि भूमिती शिकविली, आणि ज्यांच्या हाताखालून गेलेली मुले मुंबईच्या कचेऱ्यांतून आणि कोर्टांतून पसरली, त्यांनी जोखीम घेतली नाही असे कोण म्हणेल? शब्दाच्या जुन्या अर्थाने त्यांनी ती घेतली होती, म्हणजे सांभाळली होती.

काण्यांच्याच विषयात ह्याला एक सुंदर आधार आहे. वाटणीच्या प्रकरणात मनूने काही वस्तू अविभाज्य सांगितल्या आहेत : वस्त्र, वाहन, अलंकार, शिजविलेले अन्न, पाणी इत्यादी, आणि त्या यादीत 'योगक्षेम' आहे. भावाभावांची वाटणी झाली तरी त्याचे तुकडे पाडावयाचे नाहीत. त्याचा अर्थ काय ह्याविषयी टीकाकारांत एकमत नाही. मिताक्षरेने त्यात यज्ञयाग आणि तळी-विहिरी ह्यांसारखी कर्मे पाहिली, दुसऱ्या कोणी घराण्याचे रक्षण करणारे मंत्री-पुरोहित पाहिले. वकील काण्यांना हा श्लोक व्यवसायाचा भाग म्हणून पाठ असणारच, कारण हिंदू एकत्र कुटुंबाचे वाटणीचे दावे हे त्या काळच्या वकिलीतले नित्याचे काम. आणि संशोधक काण्यांना तो मयूखाच्या संपादनात भेटला. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केले. पहिल्या खंडाच्या मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाखाली पदव्या आहेत, आणि त्यांच्यानंतर व्यवसाय दिला आहे : मुंबई हायकोर्टाचे अ‍ॅडव्होकेट.